हिरवी टिक आणि रिकामी फाइल: वर्कफ्लोची रन हिस्टरी कशी काढायची, कशी वाचायची

"रिपोर्ट रोज येतोय, पण आत काहीच नसतं. कधीपासून असं आहे?"

एका जुन्या नोकरीत हा प्रश्न सकाळी सकाळी माझ्यापुढे येऊन पडला. रात्री दोन वाजता चालणारा एक वर्कफ्लो होता. फोल्डरमधल्या फाइली उचलायच्या, त्यातल्या नोंदी एकत्र करायच्या, रिपोर्ट बनवून पाठवायचा, एवढंच त्याचं काम. मी रन हिस्टरी उघडली. वरपासून खालपर्यंत सगळं हिरवं, एकही लाल खूण नाही. सरकवत सरकवत तळाशी गेलो तर २८ दिवसांवर यादी संपली. त्या २८ दिवसांतल्या प्रत्येक रनने रिकामा रिपोर्ट पाठवला होता आणि प्रत्येकापुढे 'यशस्वी' लिहिलेलं होतं. म्हणजे दुखणं त्याच्याही आधीचं होतं, आणि ते नेमकं ज्या रात्री सुरू झालं त्या रात्रीची नोंद केव्हाच पुसली गेली होती.

त्या दिवसापासून रन हिस्टरीकडे मी जरा संशयानेच बघतो. ती खोटं बोलत नाही. पण विचारलं तेवढंच सांगते, आणि थोडेच दिवस लक्षात ठेवते.

आधी शब्द नीट करून घेऊ. वर्कफ्लो म्हणजे कोणत्या पायऱ्या, कोणत्या क्रमाने, कधी करायच्या याची लिहून ठेवलेली आखणी. रन म्हणजे ती आखणी एकदा प्रत्यक्ष पार पडणं. वेळापत्रक एकच असतं, गाड्या मात्र रोज वेगळ्या सुटतात, तसंच. प्रत्येक रनची एक नोंद राहते: त्याचा ओळख क्रमांक, तो कशामुळे सुरू झाला, कधी सुरू झाला, कधी संपला, शेवटी काय निकाल लागला. या वरवरच्या नोंदीच्या आत प्रत्येक पायरीची वेगळी नोंद असते, आणि पायरीच्या आत तिला काय दिलं, तिने काय परत केलं, वाटेत काय छापलं तो लॉग. हे तीन थर लक्षात असू द्या. पुढे एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे थेट माहिती मागायच्या सोयीने, माहिती काढताना हे तिन्ही सहसा वेगवेगळ्या दारांतून मिळतात, आणि पहिल्या दारातच सगळं मिळेल असं समजणारे तिथेच अडकतात.

मुळात सुरू झाला का?

काहीतरी बिघडलं की आपण थेट लाल खुणा शोधायला लागतो. पण जो रन झालाच नाही त्याची लाल खूण कुठून येणार? हिस्टरी ही घडलेल्या गोष्टींची यादी आहे. न घडलेली गोष्ट त्यात दिसत नाही, तिथे फक्त फट असते, आणि फट डोळ्यांना सहज दिसत नाही.

म्हणून पहिली चौकशी ट्रिगरची, म्हणजे ज्या गोष्टीमुळे रन सुरू होतो तिची. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर क्लाउडवर वर्कफ्लो चालवणाऱ्या लॉजिक ॲप्समध्ये ट्रिगरची हिस्टरी आणि रनची हिस्टरी या दोन स्वतंत्र याद्या आहेत, आणि ही फार शहाणपणाची सोय आहे. 'नवीन काही आलंय का' असं ठरावीक वेळाने डोकावून बघणारा ट्रिगर असेल तर प्रत्येक डोकावण्याची नोंद होते. काही सापडलं नाही तर तिथे 'स्किप्ड' लागतं आणि रन तयारच होत नाही. रनच्या यादीत तुम्हाला कोरी जागा दिसेल, ट्रिगरच्या यादीत मात्र कळेल की पठ्ठ्या दर पाच मिनिटांनी येऊन गेला, त्याला काही मिळालं नाही. आणि ट्रिगरच 'फेल्ड' असेल, म्हणजे ज्या ठिकाणी डोकवायचं तिथे आत जायची परवानगीच गेली असेल, तर तो अगदी वेगळा आजार.

गिटहब ॲक्शन्समध्ये, म्हणजे कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या वर्कफ्लो सेवेत, वेळेवर चालणाऱ्या वर्कफ्लोंच्या दोन खोडी माहीत असलेल्या बऱ्या. एक, ठरवलेली वेळ ही वचन नसते. गर्दी असेल तर रन उशिरा सुटतो, आणि गर्दी प्रत्येक तासाच्या ठोक्याला जास्त असते, कारण जगातले सगळेजण शून्य मिनिटच निवडतात. म्हणून बारा वाजण्याऐवजी बारा वाजून सतरा मिनिटं निवडणारा माणूस सुखी असतो. दोन, सार्वजनिक रिपॉझिटरीत (रिपॉझिटरी म्हणजे एका प्रकल्पाचा कोड ठेवायची जागा) ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळेवर चालणारे वर्कफ्लो आपोआप बंद केले जातात. 'कोणी हात लावला नाही तरी बंद पडलं' अशी तक्रार येते तेव्हा कारण बरेचदा हेच असतं: कोणी हात लावला नाही म्हणूनच बंद पडलं.

आणि जुना क्रॉन, लिनक्सवर ठरल्या वेळी कमांड चालवणारा? त्याच्याकडे हिस्टरी अशी नसतेच. कमांड सुरू केली एवढी ओळ तो सिस्टिम लॉगमध्ये टाकतो. कमांडने काही छापलं तर ते मेलने पाठवायचा प्रयत्न करतो, आणि तो मेल बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या अशा पेटीत जाऊन पडतो जी कोणी उघडत नाही. काम नीट संपलं की अर्ध्यात मेलं, हे लिहून ठेवणं तुमच्यावर सोपवलेलं आहे.

'यशस्वी' या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?

रन झाला, निकालही आहे. आता निकालाचे शब्द वाचायचे. इथे घाईत वाचणाऱ्याची हमखास फसगत होते.

गिटहबच्या नोंदीत दोन वेगळे रकाने आहेत: स्टेटस आणि कन्क्लुजन. स्टेटस सांगतं की रन रांगेत आहे, चालू आहे की संपला. कन्क्लुजन सांगतं की संपला तो कसा: यश, अपयश, रद्द, वगळला, वेळ संपली. रन चालू असेपर्यंत कन्क्लुजन रिकामं असतं. 'संपला' म्हणजे 'जमला' असं धरून एखाद्याने डॅशबोर्ड बांधला की त्यावर सगळं छान दिसतं, आणि ते छानपण काही कामाचं नसतं.

'रद्द' हा शब्दही तपासून घ्यावा. कोणीतरी बटण दाबून रद्द केलं असेल असं आपण गृहीत धरतो. पण एका वेळी एकच रन चालावा अशी अट घातली असेल तर गिटहब रांगेत थांबलेला रन नवा रन येताच स्वतःच रद्द करतं. आठवड्यात वीस रन 'रद्द' दिसले तर माणसं शोधण्याआधी ही अट बघा.

खरी मेख 'यशस्वी'मध्ये आहे. इंजिनाच्या दृष्टीने यश म्हणजे दिलेल्या पायऱ्या ठरल्याप्रमाणे संपल्या. काम झालं का, हे त्याला माहीतच नसतं. फोल्डरमध्ये शून्य फाइली असतील आणि 'प्रत्येक फाइलसाठी हे कर' अशी पायरी असेल, तर शून्य वेळा केलेलं काम बिनचूकच असतं. माझ्या रिपोर्टचं तेच झालं होतं. स्रोताकडच्या कोणीतरी फाइली टाकायचा फोल्डर बदलला, वर्कफ्लो जुन्या रिकाम्या फोल्डरमध्ये प्रामाणिकपणे जाऊन परत येत राहिला.

चुका पदराआड घेणाऱ्या सोयीही असतात. गिटहबमध्ये एखाद्या पायरीला 'चूक झाली तरी पुढे जा' असं सांगितलं असेल तर ती पायरी पडूनही जॉब, म्हणजे रनमधला पायऱ्यांचा गट, हिरवा राहतो. अट पूर्ण न झाल्याने वगळलेला जॉबसुद्धा तपासणीच्या यादीत 'यश' म्हणून मोजला जातो. मायक्रोसॉफ्टचंच पॉवर ऑटोमेट आणि लॉजिक ॲप्समध्ये 'आधीची पायरी पडली तरच ही चालव' अशी पायरी जोडता येते, म्हणजे चूक झाली की निदान एक मेल जावा. कल्पना चांगलीच आहे. पण तो मेल व्यवस्थित गेला की संपूर्ण रनवर 'यशस्वी'चा शिक्का बसतो. चूक पकडली, कळवली, आणि हिस्टरीत मात्र ती गायब. त्यावर उपाय असा की मेलच्या पायरीनंतर 'टर्मिनेट' पायरी टाकून रन मुद्दाम 'फेल्ड' म्हणून संपवायचा. हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

वेळेबद्दल एक छोटी सूचना. एपीआयमधून येणाऱ्या वेळा साधारणपणे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, स्क्रीनवर दिसणाऱ्या तुमच्या घड्याळाच्या. रात्रीचे रन तपासताना तारीखच बदलून जाते. माहितीवर प्रक्रिया करणारे वर्कफ्लो चालवणाऱ्या एअरफ्लोची गंमत आणखी निराळी. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत नेहमीच्या वेळापत्रकात रनवर लिहिलेली तारीख ही तो ज्या दिवसाच्या माहितीवर काम करतो त्या दिवसाची असते. १ तारखेचा रोजचा रन १ तारीख पूर्ण संपल्यावर, म्हणजे २ तारीख लागताच सुटतो. 'कालचा रन झालाच नाही' अशी ओरड नवीन माणसाकडून एकदा तरी होतेच.

स्क्रीनवरून नको, एपीआयने काढा

एका रनचं काय बिनसलं ते बघायला स्क्रीन पुरते. पण गेल्या महिन्यात किती वेळा पडला, कोणत्या पायरीवर, हल्ली जास्त वेळ घेतोय का, असले प्रश्न पडले की यादी आपल्या हातात हवी. जवळपास प्रत्येक प्लॅटफॉर्म त्यासाठी एपीआय देतो. कृती वरवर सोपी आहे: टोकन (पासवर्डसारखी प्रवेशाची किल्ली) घ्या, रनची यादी मागा, मिळालेलं साठवा. आता खड्डे बघू.

पहिला खड्डा पानांचा. यादी एकदम मिळत नाही, पानापानाने मिळते. गिटहब न सांगता एका पानावर ३० रन देतं, सांगितलं तर जास्तीत जास्त १००. लॉजिक ॲप्स उत्तरासोबत पुढच्या पानाचा पत्ता देतं. ॲमेझॉनची वर्कफ्लो सेवा स्टेप फंक्शन्स एक खुणेचं टोकन देतं, ते दाखवून पुढचं पान मागायचं, आणि ते टोकन २४ तास चालतं. पहिलं पान वाचून थांबणारा प्रोग्रॅम कुठेही चूक दाखवत नाही. तो मुकाट्याने ३० रनांवरून महिन्याची टक्केवारी काढून देतो. अशी टक्केवारी मी मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिली आहे, आणि ती काढणारा मीच होतो.

दुसरा खड्डा गाळणीचा. गिटहबमध्ये तारीख, शाखा (कोडची वेगळी प्रत, ब्रँच) किंवा निकाल अशी गाळणी लावली की एका शोधाला जास्तीत जास्त १,००० रन मिळतात. त्यापुढचे आहेत, पण तुम्हाला दिसणार नाहीत. मोठ्या प्रकल्पात महिन्याचे पाच हजार रन सहज होतात. म्हणून महिना एकदम मागू नका. एकेक दिवस मागा, एका दिवसाचेही हजाराच्या वर जात असतील तर एकेक तास. आलेली संख्या बरोबर १,००० भरली तर समजायचं की काहीतरी कापलं गेलंय.

तिसरा खड्डा हलत्या जमिनीचा. यादी नव्यापासून जुन्याकडे असते. तुम्ही दुसरं पान मागेपर्यंत वरती पाच नवे रन आले, तर सगळी यादी पाच जागा खाली सरकते आणि पहिल्या पानावरचे शेवटचे पाच दुसऱ्या पानावर पुन्हा भेटतात. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत: मागताना वेळेची वरची हद्द ठरवून टाका, आणि साठवताना रनच्या ओळख क्रमांकावरून दुहेरी नोंदी गाळा. स्टेप फंक्शन्सच्या यादीबद्दल तर ॲमेझॉनच सांगतं की अगदी ताजे बदल त्यात लगेच दिसतीलच असं नाही. तेव्हा 'आत्ता या क्षणी काय चाललंय' या प्रश्नासाठी यादीवर विसंबू नका.

चौथा खड्डा मला सगळ्यांत खोल वाटतो: एकदा आणलेली नोंद नंतर बदलते. दर तासाला मागच्या तासात सुरू झालेले रन उचलायचे असं ठरवलंत, तर त्यातले काही तेव्हा अजून चालू असतील. त्यांचा निकाल नंतर लागेल, आणि तुमच्या साठ्यात ते कायम 'चालू'च राहतील. हे अपवादाने होत नाही. मंजुरीची वाट बघणारा पॉवर ऑटोमेटचा फ्लो ३० दिवसांपर्यंत उघडा राहू शकतो. स्टेप फंक्शन्सचा स्टँडर्ड प्रकारचा रन एक वर्षापर्यंत. म्हणून दर खेपेला दोन कामं करावी लागतात: नवे रन आणायचे, आणि आपल्याकडे 'चालू' म्हणून पडलेल्या प्रत्येकाची पुन्हा चौकशी करायची. शिवाय नव्यांचा वेळही थोडा मागे ओढून घ्यायचा. तासाला चालत असाल तर तीन तासांचं आणा. दुहेरी नोंदी तुम्ही आधीच गाळताय, त्यामुळे त्रास काही नाही.

याच जातीचा एक लपलेला प्रकार म्हणजे पुन्हा चालवलेला रन. गिटहबवर पडलेला रन तुम्ही पुन्हा चालवलात तर ओळख क्रमांक तोच राहतो, फक्त प्रयत्नाचा आकडा एकाने वाढतो, आणि यादीत शेवटच्या प्रयत्नाचा निकाल दिसतो. तीनदा पडून चौथ्यांदा पास झालेला रन यादीत हिरवा. पहिले तीन प्रयत्न वेगळ्या दाराने मागावे लागतात. लहरी, म्हणजे कधी पास तर कधी नापास होणाऱ्या, टेस्ट असलेल्या टीमची हिस्टरी त्यामुळेच इतकी निरोगी दिसते. प्रयत्नाचा आकडा एकाहून मोठा असलेले रन वेगळे काढून बघा, तेवढ्यावरच अर्धा आठवडा जाईल.

पाचवा, मागण्याची मर्यादा. यादीतून फक्त वरचा थर मिळतो. पायऱ्यांसाठी प्रत्येक रनमागे एक मागणी, लॉगसाठी आणखी एक. वैयक्तिक टोकनवर गिटहब तासाला ५,००० मागण्या देतं, आणि वर्कफ्लोच्या आत आपोआप मिळणाऱ्या टोकनला एका रिपॉझिटरीमागे १,०००. सगळ्या रनांचे सगळे लॉग ओढायला गेलात तर ही शिदोरी पंधरा मिनिटांत संपेल. वरचा थर सगळ्यांचा घ्या, खालचे थर फक्त पडलेल्यांचे. लॉग उतरवण्यासाठी मिळणारा पत्ताही एका मिनिटात शिळा होतो, तेव्हा पत्ते गोळा करून नंतर निवांत उतरवू असं करता येत नाही.

पुसलं जाण्याआधी

आता त्या २८ दिवसांकडे येऊ. रन हिस्टरीला आपण दप्तर समजतो. प्रत्यक्षात ती पाटी आहे, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्म आपापल्या सवडीने ती पुसतो.

पॉवर ऑटोमेट २८ दिवस ठेवतं. लॉजिक ॲप्सचा कन्झम्प्शन प्रकार ९० दिवस. गिटहब ॲक्शन्सचे लॉग आणि तयार झालेल्या फाइली काही न बदलता ९० दिवस राहतात. खाजगी रिपॉझिटरीत ही मुदत ४०० दिवसांपर्यंत वाढवता येते, सार्वजनिकमध्ये ९०च्या वर नाही. स्टेप फंक्शन्स स्टँडर्ड रन संपल्यापासून ९० दिवस, आणि एका रनमध्ये जास्तीत जास्त २५,००० घटना. त्याचाच एक्स्प्रेस प्रकार, जो पाच मिनिटांच्या आत संपणाऱ्या कामांसाठी असतो, अशी हिस्टरी ठेवतच नाही. क्लाउडवॉचमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या लॉग साठवणाऱ्या सेवेत, लॉग पाठवायची सोय आधीच चालू केली नसेल तर नंतर काही मागायची सोय नाही. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेलं एनएटएन (n8n) हे वर्कफ्लोचं साधन मूळ सेटिंगनुसार ३३६ तासांहून, म्हणजे १४ दिवसांहून जुन्या नोंदी काढून टाकतं.

एअरफ्लोचं उलटं. तो स्वतःहून काही फेकत नाही, सगळं आपल्या डेटाबेसमध्ये साठवत राहतो. दोन वर्षांनी स्क्रीन उघडायला वेळ लागायला लागला की कोणाच्या तरी लक्षात येतं की लाखो ओळी साचल्या आहेत. मग डेटाबेस साफ करायची त्याचीच कमांड चालवायची, आणि त्याआधी हवं ते बाजूला काढून ठेवायचं.

तेव्हा आपली एक साधी टेबल ठेवावी. मोठं काही नको. रनचा ओळख क्रमांक, प्रयत्नाचा आकडा, वर्कफ्लोचं नाव, त्याची त्या वेळची आवृत्ती, ट्रिगरची वेळ, सुरुवात, शेवट, निकाल, पहिली पडलेली पायरी, चुकीच्या मजकुराची पहिली ओळ. आणि शेवटी एक रकाना जो कुठलाच प्लॅटफॉर्म तुम्हाला देणार नाही: किती नोंदींवर काम झालं. तो वर्कफ्लोनेच मोजून कुठेतरी लिहायचा. माझ्या त्या रिपोर्टला हा एक आकडा असता तर पहिल्याच रात्री शून्य दिसलं असतं.

आवृत्तीचा रकाना लोक गाळतात. 'मंगळवारपासून पडतोय' हे कळल्यावर पुढचा प्रश्न 'मंगळवारी काय बदललं' हाच असतो, आणि त्याचं उत्तर त्या रकान्यात असतं.

ट्रिगरची वेळ आणि सुरुवातीची वेळ वेगळ्या का ठेवायच्या? दोन्हींमधलं अंतर म्हणजे रांगेत गेलेला वेळ. 'वर्कफ्लो हळू झालाय' अशी तक्रार येते तेव्हा कित्येकदा काम तेवढ्याच वेगाने होत असतं, फक्त सुरू व्हायला वाट बघावी लागत असते. दोन्ही आजारांचं औषध वेगळं आहे.

वाचायची कशी

पडलेला रन समोर आहे. शेवटची लाल पायरी उघडू नका, पहिली लाल पायरी उघडा. नंतरच्या बहुतेक पायऱ्या आधीच्या पडण्याने पडलेल्या असतात. पॉवर ऑटोमेटमध्ये तर बाहेरच्या चौकटीवर 'एक ॲक्शन फेल झाली, तिच्यावर अवलंबून असलेली एकही यशस्वी झाली नाही' अशा अर्थाचं एक वाक्य येतं, ज्यातून काहीच कळत नाही. ती चौकट उघडून आत, लूप असेल तर नेमक्या त्या फेरीत, खरी चूक शोधायची. स्टेप फंक्शन्समध्ये घटनांची यादी उलट्या क्रमाने मागता येते. हजारो घटनांच्या रनमध्ये शेवटून सुरुवात केली की चूक पहिल्याच पानावर मिळते.

मग तुलना. एकटा पडलेला रन फारसं बोलत नाही. शेजारी शेवटचा धड चाललेला रन ठेवा आणि दोघांना दिलेली माहिती, आवृत्ती, प्रत्येक पायरीला लागलेला वेळ ओळीने बघा. फरक सहसा दोन-तीनच निघतात.

बाहेरच्या सेवेकडून आलेले आकडेही बोलके असतात. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही: पासवर्ड बदलला, टोकनची मुदत संपली, किंवा ज्याच्या नावाने जोडणी केली होती तो माणूस नोकरी सोडून गेला. ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार भराभर मागताय, जरा दम धरा. ५००च्या घरातले आकडे समोरच्याच्या घरातली गडबड सांगतात. ४२९ आणि ५०० वाल्यांना थांबून पुन्हा प्रयत्न करणं योग्य आहे. ४०१ला शंभरदा प्रयत्न केलात तरी दार उघडणार नाही, फार तर खातं लॉक होईल.

पडलेल्यांची संख्या मोठी असेल तर चुकांच्या मजकुरातले क्रमांक, तारखा, फाइलींची नावं पुसून टाका आणि उरलेल्या वाक्यावरून गठ्ठे करा. दोनशे वेगवेगळ्या दिसणाऱ्या चुका चार-पाच गठ्ठ्यांत बसतात, त्यातला एक गठ्ठा एकटाच निम्म्याहून मोठा असतो.

आणि हिरव्या रनांनाही वाचा. त्यांचा कालावधी वाचा. सहा मिनिटं घेणारं काम अचानक चाळीस सेकंदांत उरकायला लागलं तर आनंद मानू नका, त्याने बहुधा काम टाकलंय. उलट दर आठवड्याला मिनिटभर वाढत जाणारा रन एक दिवस वेळेच्या मर्यादेवर जाऊन आपटणार आहे. गिटहबमध्ये एका जॉबची मूळ मर्यादा ३६० मिनिटांची आहे, म्हणजे अडकून पडलेला जॉब सहा तास 'चालू' दिसत राहील आणि तोवर कोणालाही काही कळणार नाही. आपली मर्यादा आपण घालावी: नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन पट.

गप्प बसलेल्याची चौकशी कोण करणार?

पडला की मेल, ही व्यवस्था सगळेच करतात. ती फक्त पडणाऱ्यांना पकडते. न चाललेल्याला पकडायचं तर उलटी व्यवस्था लागते: प्रत्येक यशस्वी रनने शेवटी 'झालं' अशी हाक द्यायची, आणि ठरल्या वेळेत हाक आली नाही तर राखणदाराने ओरडायचं. हा राखणदार त्याच प्लॅटफॉर्मवर ठेवू नये. घरच बंद पडलं तर आतला राखणदार कोणाला हाक मारणार?

ओरडण्याचं प्रमाणही ठरवावं लागतं. रात्रीतून एकदाच चालणारा वर्कफ्लो पडला तर लगेच कळायला हवं. दर पाच मिनिटांनी चालणारा एकदा पडून पुढच्या वेळी उठला असेल तर कोणाची झोप मोडायचं कारण नाही, सलग तीनदा पडला तर मोडावी. रोज पन्नास अलर्ट येणाऱ्या टीममध्ये एक्कावन्नावा कोणी वाचत नाही.

जाता जाता एक काळजीची गोष्ट. रन हिस्टरीत पायऱ्यांना दिलेली माहिती जशीच्या तशी दिसते, मग त्यात पासवर्ड असो की कोणाचा खाजगी तपशील. पॉवर ऑटोमेट आणि लॉजिक ॲप्समध्ये पायरीची आवक-जावक झाकायची सेटिंग आहे, ती अशा पायऱ्यांवर लावा. गिटहब नोंदवलेली गुपितं लॉगमध्ये ताऱ्यांनी झाकतं, पण गुपिताचं रूप बदलून, म्हणजे बेस६४ (मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहायची पद्धत) वगैरे करून छापलं तर ते झाकलं जाईलच याची खात्री नाही. हिस्टरी ओढणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅमला फक्त वाचायचा अधिकार असलेलं टोकन द्या. आणि तुमच्या त्या साध्या टेबलमध्ये कच्चे लॉग ओतू नका, नाहीतर प्लॅटफॉर्मने ९० दिवसांनी पुसलेलं गुपित तुमच्याकडे वर्षानुवर्षं पडून राहील.

माझ्या रिकाम्या रिपोर्टची तारीख शेवटी सापडली, पण हिस्टरीत नाही. रिपोर्ट जिथे जाऊन पडत होते त्या फोल्डरमध्ये मी फाइलींचे आकार ओळीने लावले. एका गुरुवारपर्यंत प्रत्येक फाइल काहीशे केबीची होती, शुक्रवारपासून प्रत्येक फाइल अगदी एकसारखी, नऊ केबीची: नुसतं शीर्षक आणि रकान्यांची नावं. सदतीस रात्री.